पन्नासाचा मारिओ

नवतपा लागला होता, तेव्हा बहिणीचा मुलगा पुण्याहून नागपूरला आमच्याकडे आला. चौदा वर्षांचं पोर. ४५ अंशांत त्याला कुठे फिरवणार? दिवसभर कूलरसमोर मांडी घालून बसलेला, मांडीवर लॅपटॉप. तिसऱ्या दिवशी कूलरमध्ये पाणी टाकायला खोलीत गेले, तर स्क्रीनवर मारिओ. जुन्या मशीनचं सोंग घेणारं एक सॉफ्टवेअर असतं, एम्युलेटर, ते त्याने टाकून घेतलं होतं.

"मावशी, आई म्हणते तू यात चॅम्पियन होतीस. खरं का?"

खरंच होते. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या वाड्यात आठ पोट्टे आणि मी एकटी पोट्टी, आणि शेवटची लेव्हल, ८-४, पार करून राणीला सोडवणारी मी पहिली. (ती राणी नाही, राजकन्या आहे, हे फार उशिरा कळलं. आम्हाला ती राणीच.) बादली तिथेच ठेवली आणि बसले.

पहिल्याच लेव्हलला, १-१ मध्येच, तिन्ही जीव गेले.

आधी कीबोर्डला दोष दिला. त्याने बॅगेतून यूएसबीवाला कंट्रोलर काढून दिला. पुन्हा तेच. पोरगं सभ्य आहे, हसलं नाही, पण "असू दे मावशी, खूप वर्षं झाली ना" असं म्हणालं, ते जास्त लागलं. कारण मी विसरले नव्हते. कुठल्या विटेत तारा आहे, कुठल्या पाइपातून खाली जाता येतं, सगळं जसंच्या तसं आठवत होतं. बोट दाबायचं तिथेच दाबलं जात होतं, पण तोवर मारिओ खड्ड्यात गेलेला असायचा. शिवाय ते गाणं. सूर तेच, पण वरात मांडवाशी पोचत आली की बँडवाले जसे उरकायच्या मागे लागतात, तसं वाजत होतं.

पलीकडच्या खोलीतून, तोंडावर पेपर घेऊन पडलेले बाबा म्हणाले, "ते साठवालं असन."

बाबांचं बडकस चौकाजवळच्या गल्लीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, २००९ पर्यंत. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, पण यंत्राचा आवाज बरोबर ऐकू येतो.

"काऊन, तुम्हाले कसं समजलं?" मी विचारलं. घरात बाबांशी बोलताना माझी भाषा आपोआप महालात जाते.

"गाणं पळून राह्यलं ना. आपलं पन्नासाचं होतं. एकानं अमेरिकेतून मशीन आणली होती, तिचं चित्र टीव्हीवर लोळे. व्हर्टिकल होल्ड फिरवून थांबवलं, तं रंग गायब."

झालं. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत पंपांच्या कंट्रोलरसाठी कोड लिहिते, म्हणजे टायमर आणि फ्रिक्वेन्सी हे माझं रोजचं काम. आणि हे कोडं सुटलं पेपरखालून.

तर हे पन्नास आणि साठ काय प्रकरण आहे ते सांगते, कारण त्या मशीनचा सगळा स्वभाव त्यात आहे. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा वरून खाली रंगवलं जायचं, कारण टीव्हीची मानकं ठरली तेव्हा हा आकडा विजेच्या फ्रिक्वेन्सीला जुळवून घेतला होता आणि युरोपातली वीज, तशी आपलीही, ५० हर्ट्झची. अमेरिकेत ६०. जपानने टीव्हीची पद्धत अमेरिकेची उचलली, म्हणून तिकडेही ६०. गंमत म्हणजे टोकियोच्या भिंतीतली वीज ५० हर्ट्झचीच आहे, ओसाकाची ६०. ते असो. निंटेंडोचं फॅमिकॉम, म्हणजे मारिओची मूळ मशीन, १९८३ साली जपानमध्ये आलं ते या साठाच्या हिशोबाने.

आता त्या मशीनला वेळ कशी कळायची? तिच्यात सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं. चित्र काढणारी चिप एक चित्र काढून झालं की मुख्य चिपला एक टोचा द्यायची: झालं, पुढचं बघ. त्या टोच्यावर सगळा खेळ चालायचा. मारिओ एवढा पुढे सरकव, कासव एवढं मागे, गाण्यातला पुढचा स्वर लाव, वरच्या कोपऱ्यातला वेळ कमी कर. सेकंद हा प्रकार त्या मशीनला ठाऊकच नव्हता. तिला ठाऊक होते टोचे. साठ टोचे पडले की जपानी मारिओचा एक सेकंद. तोच खेळ पन्नास टोच्यांच्या मशीनवर घातला, की मारिओ, कासव, गाणं, वेळ, सगळं जग सहाव्या हिश्शाने सावकाश.

आणि आपल्याकडे जी मशीन घरोघर होती, ती निंटेंडोची नव्हतीच. ती तैवानी चिपांवरची नक्कल. आमच्या मशीनवरचं नावाचं स्टिकर कुणीतरी उखडलेलं होतं, त्यामुळे आम्ही तिला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो. ती विकत घेतलेली नव्हती. १९९४ साली एक गिऱ्हाईक दुकानात दुरुस्तीला टाकून गेलं, ते परत आलंच नाही. बाबांनी दोन वर्षं वाट बघितली आणि मग "धूळ खाण्यापेक्षा" म्हणत घरी आणली.

ती माळ्यावर होती. भाच्याला शिडीवर चढवलं. कूलरच्या जुन्या ताट्यांमागे, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन रिमोटांसकट सापडली (कंट्रोलरला आम्ही रिमोट म्हणायचो, अजून म्हणते). पिशवीला सुतळीने बांधलेलं बाबांचं पुठ्ठ्याचं लेबल: तारीख, नंबर, आणि बाबांच्या अक्षरात 'चित्र नाही, आवाज आहे'.

चालू होईल अशी आशा नव्हतीच. अडॅप्टर लावला, लाल दिवा मिणमिणला आणि विझला. बाबा उठून बसले. चष्मा, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, सगळं त्यांच्या दिवाणाखालच्या डब्यात अजून असतं. सहा स्क्रू काढून झाकण उघडलं. आत तपकिरी बोर्ड, कोपऱ्यात टीव्हीच्या वायरीची पत्र्याची डबी, आणि मधोमध दोन लांबट आयसी. त्यांच्यावर यूएमसी या तैवानी कंपनीचा शिक्का. एकीवर ६५२७पी, दुसरीवर ६५३८. बाबांनी मीटरची टोकं रेग्युलेटरच्या पायांवर टेकवली. पाच व्होल्ट यायला हवेत, साडेतीनही धड येत नव्हते. बाजूचा कंडेन्सर डोक्यावर फुगलेला. तो काढला, माझ्या ऑफिसच्या डब्यातला हजार मायक्रोफॅरडचा नवा लावला. सोल्डर मी केलं, बाबांचा हात आता थरथरतो. पण 'जास्त तापवू नको, ट्रॅक उखडन' हे तीनदा ऐकून घेतलं.

मग मी भाच्याला चिपांना ठेका देणारा क्रिस्टल दाखवला. चपटी, चकचकीत, गोळीएवढी धातूची डबी, तिच्यावर बारीक आकडा: २६.६०. जपानी मशीनमध्ये इथे २१.४७ असतं. बाबांचं म्हणणं या आकड्यात लिहिलेलं होतं. २६.६० मेगाहर्ट्झ म्हणजे आपल्या पॅल (ही आपली पन्नासाची टीव्ही पद्धत) टीव्हीच्या रंगाच्या फ्रिक्वेन्सीची बरोबर सहापट.

इथे त्या तैवानी इंजिनियरांना मी मानलं. निंटेंडोनेही युरोपसाठी पन्नासाची मशीन काढली होती, तिच्यात याच क्रिस्टलला १६ ने भागून मुख्य चिप चालवली, ती १.६६ मेगाहर्ट्झवर आली. जपानी १.७९ वर चालायची. त्यामुळे युरोपातल्या मशीनवर जपानी खेळ टाकला तर सूरसुद्धा उतरायचे. नक्कल करणाऱ्यांनी १६ ऐवजी १५ ने भागलं. १.७७ आलं. सूर जवळजवळ जपानी, लय मात्र आपली. आणखी एक. साठाच्या चित्रात २६२ ओळी, पन्नासाच्यात ३१२. या जास्तीच्या ५० ओळींचं काय करायचं? त्यांनी चित्र संपल्यावर त्या नुसत्या जाऊ दिल्या, आणि टोचा त्यानंतर दिला. म्हणजे टोचा पडल्यापासून पुढचं चित्र सुरू होईपर्यंतचा अवधी जपानी मशीनएवढाच, २० ओळींचा. जपानी खेळाला पत्ताच लागत नाही की आपण नागपुरात आहोत. तो दर टोच्याचं काम उरकतो आणि पन्नास ओळी जास्तीचा टेकतो. चोरीचा माल चोरीच्या मशीनवर बिनबोभाट चालावा म्हणून एवढी बारीक कारागिरी!

"म्हणजे तुम्ही सगळे सोपा मारिओ खेळलात?" भाचा म्हणाला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू.

मग मोजायचं ठरलं. घरात चौदा इंची जुना रंगीत टीव्ही अजून आहे, बाबा तो कुणाला देऊ देत नाहीत. कार्ट्रिजला मी सवयीने फुंकर मारायला गेले, तर बाबा ओरडले, "थुकू नको त्याच्यावर!" लहानपणीही हेच ओरडायचे. फुंकरीने खरं काही होत नाही, उलट तोंडातला ओलावा पिनांना गंज चढवतो. कार्ट्रिज काढून पुन्हा बसवलं की पिना घासल्या जातात, गुण त्याचा असतो. पण फुंकर न मारता कार्ट्रिज लावलेलं पोर मी तेव्हा एक पाहिलं नाही. बाबांनी खोडरबर दिलं, साठच्या साठ पिना पुसल्या.

चित्र आलं. मुंग्या, मग निळं आभाळ.

१-१ मध्ये वेळ ४०० पासून उतरत जातो. ते सेकंद नाहीत, हे तेव्हा कधी डोक्यातच आलं नव्हतं. दर २४ टोच्यांना एक आकडा उतरतो. म्हणजे सगळे मिळून ९,६०० टोचे. साठाने भागा, १६० सेकंद. पन्नासाने भागा, १९२. मारिओला सुरुवातीलाच उभं ठेवलं, भाच्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, आणि आम्ही तिघं काही न करता मारिओकडे बघत बसलो. त्या खेळाकडे एवढं स्वस्थ मी कधीच बघितलं नव्हतं. ढग आणि झुडपं एकाच ठशातून काढून नुसता रंग बदललाय, हे आता सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण वरची पट्टी बघा, जिथे गुण आणि नाणी मोजली जातात. खेळ सरकतो, ती पट्टी सरकत नाही. ती का सरकत नाही, हे मला कामाला लागल्यावर कळलं आणि त्या दिवशी जेवताना मी कुणाशी धड बोलले नव्हते.

चित्र काढणाऱ्या चिपला मागचा पडदा एकच, तो सरकवायची कळही एकच. पट्टी स्थिर ठेवायची तर पडदा आधी न सरकवता रंगवायला लावायचा, आणि पट्टी रंगवून झाली रे झाली की मध्येच कळ फिरवायची. पण पट्टी कधी रंगवून झाली, हे मुख्य चिपला सांगणार कोण? घड्याळ तर नाही. चित्रांच्या चिपमध्ये एक लहानशी सोय होती: पहिल्या नंबरचं हलतं चित्र मागच्या पडद्यावरच्या रंगीत ठिपक्यावर आलं, की ती एक खूण उभी करायची. म्हणून त्यांनी वरच्या पट्टीतल्या त्या छोट्या नाण्याच्या खालच्या कडेमागे हलत्या चित्राचा एक तुकडा लपवून ठेवला. दर चित्राला किरण वरून उतरत येतो, त्या नाण्याच्या बुडाला लागतो, खूण उभी राहते, आणि तोवर सगळी कामं सोडून त्या खुणेवर डोळा ठेवून बसलेली मुख्य चिप झटकन कळ फिरवते. सेकंदाला पन्नास वेळा. आम्ही शाळा बुडवून खेळायचो तेव्हा हे त्या नाण्यामागे चालू होतं.

हे सगळं २ केबी रॅममध्ये. खेळ पूर्ण ४० केबीचा, त्यात ३२ केबी कोड आणि ८ केबी चित्रं. आमच्या पंपाच्या कंट्रोलरमधल्या चिपलाही रॅम २ केबीच आहे, आणि ती मोटर चालू-बंद करते एवढंच. नवीन मुलं येतात, डिस्प्लेवर दाखवायच्या चार वाक्यांत ती रॅम भरून टाकतात आणि मोठी चिप मागतात. मी त्यांना मारिओ सांगते. त्यांना ते आवडत नाही. १९७७ च्या अटारीची रॅम तर १२८ बाइट. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे हे वाक्यसुद्धा तिच्यात मावलं नसतं.

मोबाइलवर तीन मिनिटं बारा सेकंद झाली आणि मारिओ मेला. बाबांनी मान हलवली, जशी दुरुस्त झालेला टीव्ही गिऱ्हाइकाला दाखवताना हलवायचे. लॅपटॉपवर तोच प्रयोग केला: दोन मिनिटं चाळीस.

बत्तीस सेकंदांचा फरक. बोटांनी शिकलेली उडी त्या बत्तीस सेकंदांत अडकलेली होती.

संध्याकाळी कॉन्ट्रा हा गोळीबाराचा खेळ लावला. कार्ट्रिजवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं आहे. मी पाचवीत वहीत उतरवून काढलं होतं, खरे खेळ २१. बाकी तेच खेळ, कुणी तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा, कुणी जास्त जीव दिलेला. दोघांनी खेळायला लागलो, दोघांकडे पसरट गोळ्यांची बंदूक, आणि गोळ्या लुकलुकायला लागल्या. भाचा म्हणाला, टीव्ही गेला वाटतं.

बाबा एकदम हसायला लागले. सक्करदऱ्याचं एक गिऱ्हाईक होतं. टीव्ही रिक्षात घालून दुकानात आणला, तक्रार काय, तर "पोट्टे गेम खेळतेत तं गोळ्या गायब होतेत." बाबांनी व्हिडिओ सेक्शन तपासलं, पिक्चर ट्यूब तपासली, एक ड्राय सोल्डर (सुटत आलेला जोड) सापडला तो पक्का केला. टीव्ही घरी गेला, चार दिवसांनी परत आला. गोळ्या गायबच. दुसऱ्यांदा बाबांनी पैसे घेतले नाहीत, पण ते टीव्हीचं दुखणं त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

दुखणं टीव्हीचं नव्हतंच. त्या चित्रांच्या चिपला हलती चित्रं पूर्ण पडद्यावर ६४ आणि एका आडव्या ओळीत फक्त आठ जमायची. एका पंगतीत आठच पाट. नववा आला की त्याला वाढतच नाहीत, तो दिसतच नाही. मग खेळ लिहिणारे काय करायचे, दर चित्राला पाटांचा क्रम बदलायचे. या पंगतीत राहिलेला पुढच्या पंगतीत आधी. त्यामुळे कुणीच कायमचा उपाशी राहत नाही, पण सगळे लुकलुकतात. हे बाबांना वही घेऊन समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तो ड्राय सोल्डर उगाच काढला?" उगाच कसा, तो होताच ना, मी म्हटलं. "हाव, होता," म्हणाले. बरं वाटलं त्यांना.

बंदूकही होती, बदकं मारायची. आधी भाच्याने ती हॉलमधल्या एलईडी टीव्हीवर लावून बघितली. खेळ दिसतो, बदकं उडतात, एक मरेल तर शपथ. त्या बंदुकीतून काही सुटत नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीला त्याच क्षणी पांढरं दिसलं तर बदक मेलं. एलईडी टीव्ही चित्र हातात घेऊन, नीटनेटकं करून, मग उशिरा दाखवतो. तोवर मशीनने 'हुकला' असं ठरवून कुत्र्याला हसायला पाठवलेलं असतं. चौदा इंचीवर लावली तर पहिल्या गोळीला बदक खाली.

पुढच्या मशीनींवर मी फारशी रमले नाही. कॉलेजात असताना धरमपेठेत तासाच्या हिशोबाने प्लेस्टेशन खेळायला मिळायचं. त्यात भिंती आणि फरशा चालताना पाण्यासारख्या हलायच्या, कारण ते मशीन कोपऱ्यांच्या जागा पूर्णांकांतच धरायचं आणि फरशीचं चित्र ताणताना जवळ-लांबचा हिशोब सोडून द्यायचं. मैत्रिणींना ते भारी वाटायचं. मला चक्कर यायची.

भाचा जायच्या आदल्या रात्री त्याने एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये काहीतरी शोधून काढलं. तिथे प्रदेश निवडायचा असतो. साठवालं, युरोपचं पन्नासवालं, आणि तिसरं एक: डेंडी. डेंडी म्हणजे रशियात खपलेली, याच तैवानी घराण्यातली नक्कल. १५ ने भागणारी, पन्नास ओळी टेकणारी. आपल्या मशीनचं नाव त्या यादीत नाही, पण चुलत बहिणीचं आहे. त्याने ते निवडलं आणि काही न बोलता कंट्रोलर माझ्याकडे सरकवला.

१-१ एका जिवात. १-२ च्या शेवटी छतावरून पलीकडे, पाइपातून थेट चौथ्या जगात. हात कुठेच अडला नाही. वेळ झाली म्हणून थांबले, नाहीतर सकाळी कूलरला पाणी टाकायला कुणी उठलं नसतं.

त्याला सकाळी स्टेशनवर सोडून आले, तर बाबांनी मशीन पुसून पिशवीत भरून ठेवली होती. मी विचारलं, भाच्याला देऊन टाकली तर चालेल का, त्याने मागितली होती. दुकानातली म्हणून परवानगी बाबांचीच. ते बराच वेळ पुठ्ठ्याचं लेबल उलटसुलट करत बसले.

"नको," म्हणाले. "तो आला तं द्या लागन ना."

मी म्हटलं बाबा, तीस वर्षं झाली. त्यांनी उत्तर दिलं नाही. पेन मागितलं, 'चित्र नाही' वर आडवी रेघ मारली, खाली आजची तारीख आणि 'ओके' लिहिलं, आणि सुतळी परत बांधली.